चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदलायचाच का?

जुन्नर-आंबेगाव भागात अनेक घरांत एकच गाडी सगळी कामे करते. सकाळी मळ्याचा कच्चा रस्ता, दुपारी नारायणगाव किंवा मंचरचा बाजार, अधूनमधून माळशेज घाट नाहीतर भीमाशंकरची चढण. अशा पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की बऱ्याचदा पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर जातो. काही हजार रुपये खर्चून तो बदलला आणि दिवा पुन्हा लागला, तर पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

सेन्सर नेमके काय करतो?

इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, हे तो मोजतो. त्यावरून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंधन कमी-जास्त करतो. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. बहुतेक गाड्यांत एक सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा त्याच्या नंतर असतो. पहिला मिश्रण सांभाळायला मदत करतो, तर दुसरा मुख्यतः कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो.

कोड काय सांगतो?

स्कॅनरवर दिसणारा कोड दोषाची दिशा दाखवतो, खराब भागाचे नाव सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. त्यामागे हवेची गळती, तुंबलेला इंजेक्टर किंवा कमजोर फ्युएल पंप असू शकतो. पी०१३५ सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. तिथे आधी फ्यूज आणि वायरिंग पाहावे. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. कनेक्टरमध्ये चिखलाचे पाणीही शिरलेले असू शकते. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आधी भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरून चांगला सेन्सरही चुकीचे सांगतो.

मग बदलायचा कधी?

• फ्यूज आणि वायरिंग ठीक असूनही हीटरचा कोड पुन्हा येत असेल.
• गळती नसताना पुढचा सेन्सर सुस्त पडला असेल. साध्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली व्हायला हवा. वाइडबँड सेन्सरला हा नियम लागू नाही.
• सेन्सर तुटला असेल किंवा त्यावर ऑइल, कूलंट अथवा सिलिकॉनचा थर बसला असेल. अशा वेळी आधी मूळ गळती बंद करावी, नाहीतर नवा सेन्सरही तसाच जाईल.

मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वर-खाली होत असेल, तर संशय कन्व्हर्टरवर घ्यावा.

हीटर असलेले सेन्सर साधारण दीड लाख किलोमीटरपर्यंत टिकू शकतात. मात्र केवळ आकडा गाठला म्हणून चालू सेन्सर काढण्याची घाई नको. तो तपासून घ्यावा आणि कंपनीच्या पुस्तिकेतील मुदत पाहावी.

दुर्लक्ष केले तर?

पुढचा सेन्सर बिघडल्यावर इंधन जास्त जाऊ लागले, तर मायलेज घटते, पीयूसी चाचणीत अडचण येते आणि न जळलेल्या इंधनाने कन्व्हर्टर तापून खराब होतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो. दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा इंजिन मिसफायर होत आहे. अशा वेळी घाट चढू नये, गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

दिवा स्थिर असेल, तर गॅरेजमध्ये आधी कोड लिहून घ्यावा आणि कोणती तपासणी झाली ते विचारावे. सेन्सर बदलण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.