साडीमुळे कॅन्सर होतो? दोष साडीचा नाही, करकचून बांधलेल्या नाडीचा आहे

‘साडी नेसणाऱ्या महिलांना कॅन्सरचा धोका’ असा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. बातमी खोटी नाही, पण मथळा अर्धवट आहे. आणि ती आपल्या अमरावतीला लागून असलेल्या वर्ध्यातून आलीये.

झालं असं की नोव्हेंबर 2024 मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय जर्नलमध्ये दोन पेशंटची माहिती छापून आली. लिहिणाऱ्यांमध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होते. पहिल्या आजी 70 वर्षांच्या. परकराची नाडी घट्ट बांधायची सवय. कमरेच्या उजव्या बाजूला जखम झाली, ती 18 महिने भरलीच नाही. दुसऱ्या आजी साठीच्या पुढच्या. त्या 40 वर्षं रोज लुगडं नेसायच्या, आत परकर नाही, लुगडंच कमरेला घट्ट आवळलेलं. त्यांची जखम दोन वर्षांची होती. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या आजींचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

नाडीने कॅन्सर कसा काय होईल? थेट होत नाही. रोज एकाच जागी दाब आणि घर्षण झालं की कातडी पातळ होते, काळी पडते, सोलते. जखम होते. दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच बसते, त्यामुळे ती भरत नाही. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कधीकधी कॅन्सर तयार होतो, त्याला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. जुन्या भाजलेल्या व्रणांवरही तो होतो. आधी कमरेवरच्या या आजाराला ‘साडी कॅन्सर’ म्हणायचे. या डॉक्टरांचं म्हणणं, त्रास नाडीच्या आवळण्याचा आहे, म्हणून ‘परकर कॅन्सर’ म्हणा. धोतर नेसणाऱ्या पुरुषांमध्येही असे पेशंट सापडलेत, त्यामुळे बाबा लोकांनी निवांत बसू नये.

आता घाबरू नका. हा आजार दुर्मिळ आहे आणि कमरेवरचा प्रत्येक काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण अकोल्याचा मे महिना, 45 अंशांचा पारा, घामाने भिजलेली नाडी आणि दिवसभर वाकून निंदण... खाज आणि चट्टे इथे घरोघरी आहेत. खरी अडचण ही की कमरेवरची जखम आजी कुणाला दाखवत नाही. हळद लावते, नाडी थोडी वर सरकवते आणि कामाला लागते. त्यामुळे विचारायचं काम घरातल्या सुनेचं, लेकीचं, नातीचं.

उपाय स्वस्त आहे. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी किंवा इलॅस्टिकचा परकर घ्या, गाठीची जागा बदलत राहा, घरी आल्यावर सैल गाऊन घाला. कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत कमरेला काहीच घट्ट नको.

आणि जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा जाड झाल्या, रक्त किंवा वास यायला लागला, तर मेडिकलवरून मलम आणून वेळ घालवू नका. अमरावतीत इर्विनला किंवा अकोल्यात सर्वोपचारला जाऊन दाखवा. डॉक्टर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. तो कॅन्सर आहे की नाही, हे त्यातूनच कळतं.