गाडी गेली, तरी कर्ज उरते

बँकेच्या कर्जातून घेतलेली मोटारगाडी चोरीस गेली, तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. म्हणूनच गाडीच्या कुलपाइतकेच लक्ष तिच्या विम्याकडेही द्यावयास हवे.

कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ-पक्ष विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. त्यातही घसारा वजा होतो. एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के घसारा धरला जातो. मिळालेल्या भरपाईतून प्रथम बँकेचे कर्ज फेडले जाते. ती अपुरी पडल्यास उरलेली रक्कम ग्राहकासच भरावी लागते.

गाडी शक्यतो उजेडाच्या, राखणदार असलेल्या जागी उभी करावी. स्टीअरिंग व गिअरला वेगळे कुलूप लावावे. किल्ली गाडीत ठेवून क्षणभरही उतरू नये. दुसरी किल्ली घरी जपावी. दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. मूळ नोंदणीपत्र गाडीत ठेवू नये. तपासणीत डिजिलॉकरमधील प्रत ग्राह्य धरली जाते.

दुर्दैवाने चोरी झालीच, तर तत्काळ पोलिसांत फिर्याद नोंदवावी आणि विमा कंपनी, बँक व परिवहन कार्यालय यांस लेखी कळवावे. फिर्याद लगेच नोंदविली असल्यास, केवळ विमा कंपनीस कळविण्यात विलंब झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे.

आपली विमा पॉलिसी आजच काढून पाहा. तिची मुदत संपली तर नाही ना?