फिनटेकची ऑनलाइन जाहिरात: आधी विश्वास, मग डाउनलोड!



तुमच्या मोबाइलवर ‘फक्त ५ मिनिटांत कर्ज’ अशी जाहिरात आली, तर तुम्ही काय करता? अंगठ्याने वर सरकवता, बरोबर ना? मग स्वतःचं ॲप काढल्यावर तशीच जाहिरात का बनवता?

कपडे विकणाऱ्याला ग्राहकाकडून फक्त पैसे हवे असतात. तुम्हाला मात्र त्याचं पॅन, आधार, बँक खातं सगळंच हवं असतं. खोट्या लोन ॲप्सनी लोकांना इतका त्रास दिलाय, की ग्राहक आधीच बिचकलेला असतो. म्हणून आधी त्याची भीती घालवा.

१. तुम्ही कोण, ते स्पष्ट सांगा. कर्ज तुमच्या ॲपवरून मिळतं, पण देतं कोण? त्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं नाव जाहिरातीतच लिहा. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने नियम काढले आहेत. त्यानुसार कर्ज देणाऱ्या संस्थेने आपल्याशी जोडलेल्या ॲप्सची यादी स्वतःच्या वेबसाइटवर द्यायची असते. ‘आमचं नाव तिथे बघून घ्या’ असं ग्राहकाला बिनधास्त सांगा. गूगलवर जाहिरात करायची तर आधी कागदपत्रं तयार ठेवा. भारतात २०२२ पासून आर्थिक सेवांच्या जाहिरातदारांची तिथे वेगळी पडताळणी होते.

२. खर्च लपवू नका. ‘महिना फक्त २ टक्के’ ऐकायला गोड वाटतं. पण प्रोसेसिंग फी धरून वर्षाचा एकूण दर किती, हे करार करण्यापूर्वी ग्राहकाला कळलंच पाहिजे, असा नियम आहे. शेवटी कळणारच आहे, तर सुरुवातीलाच सांगा की! शेवटच्या स्क्रीनवर दचकलेला ग्राहक परत येत नाही.

३. विकण्याआधी शिकवा. बंगळुरूची झिरोधा २०१० मध्ये सुरू झाली. जाहिरातींवर फारसा खर्च न करता ती मोठी झाली. तिने ‘व्हर्सिटी’वर शेअर बाजाराचे धडे फुकट दिले. जो शिकवतो, त्याच्याकडे लोक खातं उघडायला येतात. तुम्हीही ‘सिबिल स्कोअर का घसरतो?’ असा एक मिनिटाचा मराठी व्हिडिओ करा. किराणा दुकानदाराला समजेल, अशा भाषेत करा.

४. क्लिक नाही, ग्राहक मोजा. समजा, तुम्ही १०,००० रुपये खर्च केले. २,००० क्लिक आले, २०० जणांनी ॲप घेतलं, पण केवायसी पूर्ण केली फक्त २० जणांनी. म्हणजे क्लिक पडला ५ रुपयांना, डाउनलोड ५० रुपयांना आणि खरा ग्राहक ५०० रुपयांना! आता बघा, उरलेले १८० कुठे गळले? भोक बुजवल्याशिवाय बादलीत पाणी ओतत बसू नका. आधी त्यांतल्या १० जणांना फोन करा, कारण विचारा. मगच जाहिरातीचं बजेट वाढवा.

कॅशबॅकने गर्दी जमते हो, पण कॅशबॅक संपला की ती पांगतेही. पैशाच्या धंद्यात माणूस टिकतो तो विश्वासावर.

आजचा गृहपाठ: तुमची जाहिरात घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा, “यांना तुम्ही तुमचा आधार नंबर द्याल का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर एक रुपयाही खर्च करू नका. ‘का नाही?’ ते विचारा आणि जाहिरात पुन्हा लिहायला बसा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!