शंभराला साठ

नाताळच्या सुट्टीत कामशेतला यायचं नाही, असं तिथे भातगिरणी चालवणाऱ्या मैत्रिणीने फोनवरच बजावलं होतं. जुन्या हायवेवर लोणावळ्याच्या गाड्यांची रांग, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला डिकीत इंद्रायणी तांदळाची पिशवी हवी. तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. "आणि या दिवसांत केस कितीही धू, नव्या तांदळाचा वास जात नाही," असंही ती म्हणाली. हे मला बघायचंच होतं. जानेवारीत गर्दी ओसरल्यावर लोकलने गेले. घरी बसून गप्पा मारू म्हटलं, तर म्हणे, "सरळ गिरणीवर ये गं. नाणे मावळातनं भात आलंय."

गिरणीचं काम सांगायला सोपं आहे. भात चाळणीतून जातं, काड्या-खडे निघतात, रबरी रोलमध्ये तूस सुटतं, पंखा ते मागच्या खोलीत उडवतो, आणि उरलेला मळकट तांबूस दाणा पॉलिशला जातो.

माझी नजर मात्र यंत्र चालवणाऱ्या मामांवरून हटेना. पोतं उघडलं की ते आधी एक दाणा दाताखाली घेतात. ओला असेल तर चेंगरतो, उन्हात फार तापलेला असेल तर आतून चिरलेला असतो. दोन्हीत कणी वाढणार. पुस्तकं चौदा टक्के ओलावा सांगतात, मामांचं दातावर भागतं. मग ते खालून पडणाऱ्या तांदळाची मूठ भरतात, तळहातावर पसरतात, फुंकर मारतात आणि रोलचा स्क्रू जरासा फिरवतात. दर काही मिनिटांनी हेच. त्यांच्या भुवयांवर कोंडा बसला होता.

"शंभराला साठ!" ते घरघरीवरून ओरडले. शंभर किलो भात, साठ किलो तांदूळ. बाकी तूस, कोंडा, कणी. पोत्यांचा मालक कपाळाला आठ्या घालून उभा. "पासष्ट तरी बसायला पाहिजे, मामा." मामांनी तळहात त्याच्या नाकापुढे धरला. कणी दिसत होती. जूनमध्ये पेरलेलं रोप, पावसात वाकून केलेली आवणी, दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग झोडणी. एवढं सगळं झाल्यावर दारात येऊन ऐकायचं काय, तर शंभराला साठ.

तेवढ्यात लाईट गेली, आणि आमची खरी भेट सुरू झाली. पोत्यांवर बसून तिच्या मुलीची दहावी, माझ्या आईचा गुडघा, दोघींची वाढलेली वजनं, सगळं उरकलं. वास मात्र आता जास्त जाणवू लागला: कोमट, गोडसर. हा आंबेमोहोराकडून आलेला. आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण इथून जवळच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. आयआर-8 फिलिपिन्सचं. हायवेवरच्या पाट्या 'अस्सल मावळी' म्हणतात त्या तांदळाचं निम्मं आजोळ असं समुद्रापलीकडे आहे. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती पाटी इंद्रायणीची आणि पोत्यात भलताच तांदूळ, या धंद्याला. तो ओळखायचा कसा, विचारलं तर मैत्रीण म्हणाली, "शिजवून बघ. इंद्रायणी मऊ, चिकट होतो. मोकळा फडफडीत झाला तर समज."

आणि पॉलिश? घरी खायचा तांदूळ ती पॉलिशच्या एकाच हाताचा काढते, किंचित तांबूस ठेवून. शेतकरीही स्वतःपुरता तसाच मागतात. कोंड्याबरोबर चव जाते, कस जातो, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

लाईट आली. पोत्यांच्या मालकाने कोंडा म्हशीसाठी मागितला. भरडणीच्या पैशांत कोंडा धरलाय की नाही यावर पुन्हा जुंपली, आणि अर्धाअर्धा यावर मिटली. त्याच वेळी दारात एक गाडी थांबली. मुंबईचं कुटुंब. बाईंनी मैत्रिणीच्या पोत्यातला तांबूस दाणा बोटांत घेऊन पाहिला आणि विचारलं, "जरा पांढरा नाही का?"

"आहे ना. पाच मिनिटं बसा," मैत्रीण म्हणाली. मामांनी काही न बोलता तोच तांदूळ घमेल्यात घेतला आणि पुन्हा पॉलिशमध्ये ओतला.