विश्लेषण : व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, आता काय? नवे डॉक्टर आधी पुतळ्यावर का शिकतात…

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार साप चावतो. जखम धड दिसत नाही. पोटात दुखते, पहाटे पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. अशा रुग्णाची फुफ्फुसे बहुधा ठणठणीत असतात, लुळे पडतात ते श्वासाचे स्नायू. प्रतिविषासोबत काही दिवस व्हेंटिलेटर नीट चालवला, तर तो चालत घरी जाऊ शकतो. रायगडच्या किनारपट्टीवर या ‘नीट’ला फार महत्त्व आहे. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि अलिबागहून मुंबई रस्त्याने जवळपास शंभर किलोमीटर. रात्रपाळीला जो डॉक्टर हजर असेल, त्यालाच यंत्र हाताळावे लागते.

यंत्रे आली, पण चालवणार कोण?

मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 50 हजार देशी व्हेंटिलेटरसाठी 2 हजार कोटी रुपये जाहीर झाले. यंत्र खोक्यातून काढून लावता येते, डॉक्टर तसा मिळत नाही. अलिबागला जिल्हा रुग्णालयाशी संलग्न शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 पासून 100 जागांसह सुरू झाले, ही जमेची बाजू. मात्र देशभर 2019 मध्ये लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात व्हेंटिलेटरच्या जोडणीबाबत विद्यार्थ्याकडून अपेक्षा आहे ती ‘निरीक्षण आणि वर्णन’ करण्याची. पाहणे आणि करणे यांतली ही दरी भरण्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावरचा सराव, लागतो.

सरावात नेमके काय होते?

साध्या सरावाला रबरी फुग्यासारखे ‘टेस्ट लंग’ पुरते. महागड्या पुतळ्यांची छाती हलते, मॉनिटरवर ऑक्सिजन घसरताना दिसतो. पण पहिला धडा हिशेबाचा असतो. समजा, 150 सेंटिमीटर उंचीची, 70 किलो वजनाची महिला आहे. एका श्वासात किती हवा द्यायची? वजन वाढले म्हणून फुफ्फुस मोठे होत नाही, ते उंचीवर ठरते. सूत्रानुसार तिचे अपेक्षित वजन सुमारे 43 किलो. किलोमागे 6 मिलिलिटर धरले तर सुमारे 260 मिलिलिटर. काट्यावरचे वजन धरले तर 420!

हा फरक जीवघेणा ठरू शकतो. फुफ्फुसांना गंभीर इजा झालेल्या 861 रुग्णांवरील, 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात किलोमागे 12 मिलिलिटरने सुरुवात केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्के होते, 6 मिलिलिटरच्या गटात 31 टक्के.

अलार्म वाजल्यावर?

खरी परीक्षा इथेच. प्रशिक्षक मुद्दाम नळी दाबतो किंवा सरकवतो. नवखा डॉक्टर बहुतेकदा पडद्याकडे पाहतो आणि आवाज बंद करतो. शिकायचे असते ते उलट : आधी रुग्णाकडे पाहा. तो खालावत असेल तर यंत्रापासून सोडवून अंबू बॅगने हाताने श्वास द्या. छाती हलली, रुग्ण सावरला, तर दोष यंत्रात. बॅग घट्ट लागली, तर नळी तुंबली असेल किंवा फुफ्फुसाबाहेर हवा साचली असेल. हा क्रम पुस्तकात चार ओळींचा आहे. रुग्ण निळा पडू लागला की त्या चारही ओळी विसरतात.

हाताने श्वास देण्याला कमी लेखू नये. 1952 मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने पिशव्या दाबून रुग्ण जगवले. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथे झाली, असे मानले जाते.

पुतळा काय शिकवू शकत नाही?

व्हेंटिलेटर कधी लावू नये, हे समजण्यासाठी रुग्णच पाहावे लागतात. विंचूदंशाने फुफ्फुसांत पाणी होते, रुग्ण दगावतो; त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ झाला तो महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे (2022 मध्ये पद्मश्री). गोळी वेळेत मिळाली तर अनेकांवर यंत्राची वेळच येत नाही.

शिवाय एकदाच केलेला सराव काही महिन्यांत विरतो आणि एकट्या डॉक्टरला शिकवून भागत नाही, कारण अलार्म सहसा आधी परिचारिकेला ऐकू येतो. रिकाम्या यंत्राला टेस्ट लंग जोडून रात्रपाळीच्या डॉक्टर-परिचारिकांनी महिन्यातून अर्धा तास एकत्र सराव करणे, यासाठी महागड्या पुतळ्याची वाट पाहावी लागत नाही.