उत्तर खरं, की पाठ केलेलं?

जयपूरजवळचा आमेर किल्ला दाखवायला एखाद्या पर्यटन कंपनीला गाइड नेमायचा आहे. मुलाखतीत 'तुम्ही प्रामाणिक आहात का?' असं विचारलं, तर 'नाही' कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारावं, 'पर्यटकाच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तेव्हा काय केलंत?' काम केलेला माणूस प्रसंग सांगतो, पोपटपंची करणारा तत्त्वं. हेच प्रश्न सर्व उमेदवारांना विचारावेत आणि उत्तरं लगेच टिपून ठेवावीत.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्याला पक्कं ठाऊक हवं. आमेर जागतिक वारसा यादीत कधी आला? २०१३ मध्ये, राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांसह. 'आठवत नाही, बघून सांगतो' म्हणणाऱ्याला लगेच बाद करू नये. सनावळी शिकवता येते. थापा मारायची सवय सहसा सुटत नाही.