मालिकोर्नचा सूत्रधार

फ्रान्सच्या लोकसंगीताचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते ब्रिटनीच्या आलान स्तिवेलचं. त्यात वावगं काही नाही. केल्टिक हार्प हाती घेऊन त्याने आपल्या प्रांताची गाणी पुन्हा रंगमंचावर आणली. पण त्याच्याच साथीदारांत बसलेला गाब्रिएल याकुब नावाचा विशीतला पोरगा पुढे जे करून गेला, ते माझ्या मते अधिक अवघड होतं. स्तिवेलपाशी ब्रेतॉन भाषा होती, वाद्यं होती, प्रांताचा अभिमान होता. याकुबचा जन्म १९५२ सालचा, पॅरिसमधला, वडील लेबनॉनचे. पॅरिसच्या पोराला कुठला प्रांत!

साठीच्या दशकाअखेरीस पॅरिसच्या फोक क्लबांत तरुण मंडळी आधी अमेरिकन गाणी वाजवत. मग हळूहळू त्यांना आपल्याच मुलखातल्या निनावी गाण्यांची आठवण झाली. याकुब याच पिढीचा. फेब्रुवारी १९७२ मध्ये ऑलिम्पिया सभागृहात स्तिवेलची गाजलेली मैफल झाली, तिची तबकडी निघाली आणि ती घरोघर पोचली. त्या मैफलीत याकुब साथीला होता. एवढं यश पदरात असताना तो बाहेर पडला. १९७३ साली पत्नी मारीसोबत त्याने ‘पिएर द ग्रनोब्ल’ ही तबकडी काढली आणि लगेच मालिकोर्न हा संच उभा केला. गाब्रिएल, मारी, युग द कुर्सों आणि लोराँ व्हेरकांब्र हे सुरुवातीचे चौघे.

मालिकोर्नने एका प्रांताची बाजू घेतली नाही. कुठलाही मुलूख त्यांना वर्ज्य नव्हता. शब्द जुने, मांडणी मात्र अशी, की जुन्या वाटणाऱ्या वाद्यांशेजारी इलेक्ट्रिक गिटार येऊन बसे आणि खटकत नसे. त्याहून मोलाचा त्यांचा गळा. वाद्यं बाजूला ठेवून चौघे एकत्र गाऊ लागले की चर्चमधल्या समूहगायनाची आठवण यावी, आणि गाण्याचा विषय मात्र खून, फसवणूक, लग्नाआधीच उधळलेला संसार! लोकगीत म्हणजे हसरं, गोंडस, सुट्टीतलं काहीतरी, ही शहरी समजूत त्यांनी मोडीत काढली.

१९७६ ची ‘आल्मानाक’ ही त्यांची सर्वोत्तम तबकडी. पंचांगासारखी रचना: बारा महिने, बारा गाणी. जूनमध्ये सेंट जॉनचा सण येतो, वर्षाअखेरीस नाताळ. त्यातलंच एक गाणं घोडे पाण्यावर नेणाऱ्या तरुणाचं. कोकिळा त्याला सांगते, तुझ्या प्रेयसीला पुरायला नेताहेत. भावनेचं प्रदर्शन न करता याकुब ते गातो, जणू बातमी सांगतोय. त्याच्या गायकीचं मर्म इथेच आहे. पुढे १९७८ मध्ये त्यांनी एका कारागिराच्या फ्रान्सभरच्या भ्रमंतीवर अख्खी तबकडी रचली. परंपरेनुसार असे कारागीर गावोगाव हिंडत, उस्तादांच्या हाताखाली काम शिकत. क्वेबेकमध्येही संचाला मोठा श्रोता लाभला. मॉन्ट्रियलच्या मैफलीची तबकडीच निघाली.

त्यानंतर घसरण. ‘ल बेस्तिएर’ (१९७९) मध्ये रॉक वाढला, तरी ती तबकडी दमदार आहे. १९८१ ची ‘बालांस्वार आं फ’ मात्र मालिकोर्नची वाटत नाही. १९८६ मधला शेवटचा प्रयोग सिंथेसायझरच्या आहारी गेला. त्याबद्दल अधिक लिहावं असं काही नाही. (कुर्सों मधल्या काळात वेगळा झाला. पुढे बाखच्या संगीताला आफ्रिकेच्या संगीताशी भिडवणारी ‘लांबारेना’ त्याच्या नावावर आहे.)

याकुबचं दुसरं आयुष्य ‘बेल’ (१९९०) आणि ‘कात्र’ (१९९४) या तबकड्यांत दिसतं. आता शब्दही त्याचे, चालीही त्याच्या. इतकी वर्षं निनावी कवींच्या सहवासात काढल्यामुळे त्याच्या गीतांतून ‘मी’ मिरवत नाही. साध्यासुध्या गोष्टींवर लिहिलेलं त्याचं गाणं लोकगीतासारखंच वाटतं. हा योगायोग नव्हे, कमाई आहे.

२०१० साली ला रोशेलच्या फ्रँकोफोली महोत्सवात मालिकोर्न पुन्हा एकत्र आला, नंतर काही वर्षं दौरेही झाले. २२ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याकुब गेला.

नव्याने ऐकणाऱ्याने आधी ‘आल्मानाक’ एका बैठकीत संपवावी, मग ‘बेल’ लावावी. फ्रेंच येत नसेल तरी बिघडत नाही. मधली सिंथेसायझरची वर्षं खुशाल वगळा.